एक जूनच्या दोन मुली

मी एका मुलीचे गुण दुसऱ्या मुलीच्या नावावर चढवले. कुणाकडून काही घेऊन नाही, कुणाच्या सांगण्यावरूनही नाही. खुर्चीत बसून, नीट विचार करून मी एक नियम लिहिला आणि त्या नियमाने ते झालं. पुढे जिचे गुण गेले त्या मुलीला घेऊन तिच्या घरचा माणूस चौकशीला आला, तेव्हा चूक तुमचीच आहे, असं मी त्याला तिच्यादेखत सांगितलं. दिवाळी अंकासाठी कामाचे अनुभव लिहा, असं संपादक गेल्या वर्षीही म्हणाले होते. मी टाळलं ते यासाठीच. गमतीचे किस्से माझ्याकडे पुष्कळ आहेत, पण हे न सांगता ते सांगत बसणं मला जमलं नसतं.

माझं काम काय, हे घरच्यांनाही कधी धड कळलं नाही. मुदखेडला माझे सासरे पाहुण्यांना सांगायचे, "जावईबापू कॉम्प्युटरमध्ये निवडणं-टिपणं करतात." पाहुणे हसायचे, पण याहून बरी व्याख्या मला आजवर सुचलेली नाही. धंदा चालवणारा माणूस आकड्यांकडे पाहून ठरवतो, की शाखा कुठे काढायची, सवलत कुणाला द्यायची. आकडे समजावून सांगायला त्याच्याकडे विश्लेषक असतात. पण त्यांच्या हातात पडण्याआधी ती माहिती मोंढ्यात विकायला आलेल्या तुरीसारखी असते. तीत माती असते, खडे असतात, दुसऱ्याच शेतातलं काहीबाही असतं. एकच माणूस तीनदा आलेला असतो, कुणाचं वय दोनशे असतं, कुणी गावाच्या रकान्यात 'हो' लिहिलेलं असतं. हे चाळायचं, निवडायचं आणि एका मापाचं करून पुढे द्यायचं. काम चांगलं झालं तर कुणाच्या लक्षात येत नाही. बिघडलं तरी बहुतेकदा येत नाही, आणि खरी भीती तीच.

हे काम मी भूकंपानंतर शिकलो. किल्लारीकडची गावं पडली आणि पुनर्वसनासाठी घराघराची माहिती संगणकात भरायला लातूरला माणसं हवी होती. मी नुकताच संख्याशास्त्राची पदवी घेऊन नांदेडला रिकामा बसलो होतो. काळ्या पडद्यावरची हिरवी अक्षरं आम्ही दिवसभर भरायचो. शंका निघाली की लोक राहत होते त्या पत्र्याच्या शेडमध्ये जाऊन पुन्हा विचारायचं. वय विचारलं की उत्तर यायचं, "रझाकाराच्या टायमाला म्या रांगत होतो. आता तुमीच काढा." आम्ही काढायचो.

त्या अर्जात एक रकाना होता, कुटुंबप्रमुखाशी नातं. एका शेडमध्ये एक म्हातारा लहान पोरांना भोवती घेऊन बसला होता. सगळ्यांपुढे त्याने 'मुलगा', 'मुलगी' असंच लिहवून घेतलं होतं, आणि जुन्या नोंदीत तर त्याला मूलबाळ नव्हतं. मी म्हटलं, "बाबा, भावाची असतील तर पुतण्या, पुतणी असं लिहावं लागेल."

त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "नातं काय इच्यारताव साहेब? जी राह्यली ती मपली. लिवा लेक."

आमच्या पर्यवेक्षक बाई मागे उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "लिहा हो. नंतर बघू." नंतर कुणी बघितलं नाही, आणि ते बरंच झालं. त्या दिवसापासून मला एक गोष्ट ठाऊक होती. त्या गावांमध्ये वडिलांच्या नावाच्या रकान्यात काका असू शकतो, मामा असू शकतो, आणि एका घरातल्या दोन बहिणी वेगवेगळ्या आयांच्या पोटच्या असू शकतात. पुस्तकात न सापडणारी ही माहिती माझ्याकडे होती, तरी मी चुकलो.

दुसरी गोष्ट एक जूनची. आपल्याकडच्या वाचकांना ती सांगायला नको. ज्याची जन्मतारीख कुणी लिहून ठेवली नाही त्याला शाळेत घालताना गुरुजी एक जून देतात, म्हणजे शाळा उघडताना वय बरोबर बसतं. माझी स्वतःची तारीख तीच आहे. आईला विचारलं तर ती म्हणायची, "पोळ्याच्या अलीकडं की पलीकडं, पण चिखल लई होता." क्लासच्या ऑफिसात एक जूनला अर्धा स्टाफ पेढे आणायचा आणि उरलेला अर्धा ते खायचा.

हा क्लास म्हणजे माझी पुढची नोकरी. लातूरच्या निकालांचं नाव झालं आणि दोन्ही शहरांचा चेहरा बदलला. नांदेडला ज्या गल्लीत पूर्वी शिंपी आणि सायकलवाले होते, तिथे फिजिक्स आणि बायोलॉजीच्या पाट्या लागल्या. आमच्या क्लासच्या नांदेडला आणि लातूरला शाखा होत्या. मालकांना सगळे नुसतं 'सर' म्हणत. दहावीनंतर क्लासची एक परीक्षा असे. तीत वर येणाऱ्या मुलांना दोन वर्षं शिकवणं, राहणं, जेवण, सगळं फुकट. शहरातल्या मुलांना ती सवलत होती. खेड्यातल्या मुलींना मात्र पुढे शिकण्याची ती बहुधा एकच वाट असे, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. मलाही.

एकच मूल अनेकदा फॉर्म भरी, हा तिथला मोठा त्रास. धर्माबादच्या एका मिरची व्यापाऱ्याने मुलीचा फॉर्म नांदेडला भरला, लातूरला भरला आणि वर घरच्या लाडक्या नावाने तिसरा भरला. मी विचारलं तेव्हा तो निवांतपणे म्हणाला, "सर, तुम्ही लॉटरीचं एकच तिकीट घेता का?" मुलगी मात्र एकाच जागी परीक्षेला बसणार. बाकीच्या क्रमांकांपुढे शून्य येणार आणि तेही निकालात गुणांची सरासरी खाली ओढत बसणार.

म्हणून मी नियम केला. आडनाव, वडिलांचं नाव, गाव, जन्मतारीख आणि मोबाइल एकच असेल तर ती एकच मुलगी धरायची. पहिलं नाव मी मुद्दाम सोडून दिलं, कारण घरी पिंकी आणि शाळेत प्रतिभा हे रोजचंच होतं. दोन नोंदी एक करताना नाव शेवटच्या फॉर्मवरचं घ्यायचं आणि गुण जे जास्त असतील ते. सरांना दाखवलं. ते खूश झाले. "आपल्याला स्वच्छ यादी पाहिजे. बाकी तुम्ही बघा."

मी बघितलं नाही. दोन्ही नोंदींत गुण असतील, तर एकाच मुलीने एकाच वेळी दोन बाकांवर बसून पेपर दिला असं होतं. एवढा एक प्रश्न नियमात घातला असता तरी पुढचं टळलं असतं.

निकाल लागल्यावर काही दिवसांनी लातूरच्या ऑफिसच्या खिडकीशी एक गृहस्थ आले. पांढरा सदरा, डोक्याला टॉवेल. औशाकडच्या एका पुनर्वसित गावाहून आले होते. ज्ञानोबा नाव, पण बरोबरची मुलगी त्यांना तात्या म्हणत होती. मुलगी सडपातळ, दोन वेण्या घातलेली, खिडकीची सळई धरून उभी.

"साहेब, धाकटीचं नाव लागलंय. कल्पनाचं. पर हिचं, थोरलीचं, न्हाई दिसत. गोदावरी. थोरली लई हुशार हाय ओ. शाळंत हीच पैली असती."

"क्रमांक?"

त्यांनी खिशातून चिठ्ठ्या काढल्या. तेव्हा आम्ही परीक्षेसाठी नुसत्या क्रमांकाची चिठ्ठी देत असू, तिच्यावर नाव नसे. मी दोन्ही क्रमांक टाकून पाहिले. दोन्हींपुढे कल्पना.

"हे दोन्ही फॉर्म कल्पनाच्याच नावाने भरलेत," मी म्हणालो.

"असं कसं? म्या सोता भरून घेतले की ओ. दोघींचे दोन."

"तुम्ही भरले?"

"कॉम्प्युटर सेंटरवाल्याकडून. मला इतकं वाचाया येत न्हाई. पर सांगितलं बराबर."

"मग त्याने चुकवलं असेल, नाहीतर तुम्ही एकीचाच दोनदा सांगितला असेल. आमच्याकडे जे येतं तेच दिसतं."

हे शेवटचं वाक्य खोटं होतं. आमच्याकडे आलेलं काय आणि मी केलेलं काय, यात फरक होता आणि तो मलाच माहीत होता. पण मागे रांग होती. माझा स्वतःच्या नियमावर विश्वास होता आणि समोरच्या माणसाला वाचता येत नव्हतं.

त्या क्षणी मुलगी माझ्याकडे बघत नव्हती. ती तात्यांकडे बघत होती. तो चेहरा मी पुढे विसरलो होतो, पण पूर्ण नाही. तात्या थोडा वेळ चिठ्ठ्या उलट्यासुलट्या करत राहिले. मग म्हणाले, "चल माय." ती चालली, पण त्यांच्या मागे, चार पावलं अंतर ठेवून.

मध्ये वर्षं गेली. सरांचा मुलगा पुण्याहून शिकून आला आणि कारभार त्याने हातात घेतला. आता क्लासला स्वतःचे विश्लेषक होते, तरुण, चांगले, आणि माझ्यासारख्या एका माणसाच्या चाळणीवर अवलंबून राहायला नाराज. मुलाने मला सांगितलं, "काका, यांना स्वतःच माहिती साफ करता येईल असं साधन घ्यायचंय. तीन पाहून ठेवलीत. तुलना करून सांगा."

तुलना करायची तर तिन्हींना एकच गढूळ पाणी पाजावं लागतं. मी जुन्या सीडीवरून त्या वर्षीच्या परीक्षेची कच्ची माहिती काढली, कारण तिच्याइतकी घाण माझ्या संग्रहात दुसरी नव्हती.

पहिलं साधन म्हणजे आपली नेहमीची स्प्रेडशीट. ती सगळ्यांना येते, सगळं डोळ्यांसमोर असतं, पण काल काय केलं ते तिला आज आठवत नाही. ओळ पुसली की पुसली. दुसरं म्हणजे स्वतः लिहिलेला प्रोग्राम. तो काहीही विसरत नाही, हवा तितक्या वेळा तेच काम तसंच करतो. पण तो लिहिणाऱ्यालाच वाचता येतो आणि लिहिणाऱ्याची चूकही तो तितक्याच इमानाने पुन्हा पुन्हा करतो. तिसरं नवीन होतं. त्यात पडद्यावर चौकोन ओढून एकमेकांना जोडायचे. प्रत्येक पायरीला काय आत आलं आणि काय बाहेर गेलं ते दिसत राही. ते जरा सावकाश चाले आणि भारी पडे. मला ते पोरखेळ वाटलं होतं. पण त्याची एक सवय वेगळी होती. दोन नोंदी एक करण्याआधी ते दोन्ही शेजारी शेजारी मांडी आणि विचारी: ही एकच व्यक्ती आहे का? आणि जे वगळलं ते फेकून न देता बाजूला जपून ठेवी.

लातूरच्या डाळमिलमध्ये मी पाहिलं आहे, चाळणीखाली पडलेला डाळीचा चुरा, म्हणजे चुनीसुद्धा, पोत्यात भरतात, जनावरांना घालतात. आम्ही शिकलेल्या लोकांनी मात्र वगळलेलं कधी ठेवलं नव्हतं.

मी 'हो' दाबत चाललो होतो. पिंकी आणि प्रतिभा, हो. मिरचीवाल्याची मुलगी, हो. मग एक जोडी आली. डावीकडे गोदावरी, उजवीकडे कल्पना. वडील ज्ञानोबा, गाव तेच, मोबाइल तोच, कारण घरात एकच होता. दोघींची तारीख एक जून, वर्षही तेच, कारण गुरुजींनी दोघींना एकाच दिवशी पहिलीत घातलं असणार. आणि दोघींपुढे गुण. डावीकडे यादीत खूप वर जाईल असा आकडा, उजवीकडे साधारण.

मी 'नाही' दाबलं. मग खुर्ची मागे ओढून बसलो.

खिडकी आठवली, टॉवेल आठवला, सळईवरचा हात आठवला. आडनाव एक, वडील एक आणि चेहरे दोन, हे मला पत्र्याच्या शेडमध्ये कुणीतरी एकदा सांगितलं होतं.

यानंतर मी जे केलं ते सांगायला मला जास्त लाज वाटते. मी तुलनेचा अहवाल लिहिला. तिसरं साधन घ्यावं अशी शिफारस केली, त्यात काही खोट नव्हती. पण निकालांच्या तुलनेखाली मी एक वाक्य लिहिलं: "तिन्ही साधनांच्या अंतिम यादीतील फरक नगण्य आहे." हजारो मुलांच्या यादीत एका जागेचा फरक. आमच्या शास्त्रात त्याला हाच शब्द आहे. सरांच्या मुलाने अहवाल वाचून पाठ थोपटली. ते साधन घेतलं गेलं, विश्लेषक आनंदात होते, आणि मी त्या शब्दाबरोबर राहू लागलो.

बायकोच्या लक्षात आलं. एका दुपारी जेवताना तिने विचारलं, "कामून गप्प गप्प राहून राहिले तुम्ही?" मी सगळं सांगितलं. ती मुदखेडची, शिक्षकाची मुलगी. तिने ताटात भात वाढला आणि म्हणाली, "मग इथं माझ्यापुढं काय बसलात? मी का गोदावरी आहे?"

फॉर्मवरचा जुना मोबाइल नंबर बंद होता. भूकंपाच्या वेळचे एक ओळखीचे ग्रामसेवक त्या भागात होते, त्यांना विचारलं. ते म्हणाले, "गोदी का? ती लातूरला क्लासच्या पोरींची मेस चालवती. पर तात्याच्या घरी जात न्हाई ती. दाराशी येती, लुगडं देती, जाती. कायतरी जुनं हाय."

मी लातूरला गेलो. क्लासच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर मेस. खाली मुलींच्या चपलांचा ढीग. गोदावरीबाई ओट्याशी भाकरी थापत होत्या, जाडसर झालेल्या, कपाळावर घाम. मी नाव आणि क्लास सांगितला. त्यांना मी आठवत नव्हतो.

"डब्याचं हाय का?"

"नाही. एका निकालाचं आहे."

उभ्यानेच सांगितलं. नियम सांगितला, एक जून सांगितलं, दोन नोंदी एक कशा झाल्या ते सांगितलं. तव्यावरची भाकरी करपली तरी त्यांनी ती उलटली नाही. शेवटी म्हणाल्या, "म्हंजी फॉर्म बराबर भरला होता?"

"बरोबर भरला होता. दोघींचा वेगवेगळा. मी पुन्हा पाहिलाय."

"आन मार्क?"

"जास्तीचे तुमचे होते."

"ते मला म्हाईत होतं," त्या झटकन म्हणाल्या. "कल्पीलाबी म्हाईत होतं. दिवाळीच्या सुटीला आली ती परत गेलीच न्हाई क्लासला. 'हे मार्क माजे न्हाईत गोदे' म्हणून रडली. मला वाटलं, तात्यानं सोताच्या पोटच्या पोरीसाटी केलं. मी भूकंपात आईबापाविना झालेली. मला कोण इच्यारतंय. तवापास्नं मी त्येंच्या घरात पाण्याचा तांब्या घेतला न्हाई."

मी माफी मागायला तोंड उघडलं. त्यांनी पिठाने माखलेला हात वर केला.

"मला नगा सांगू. मी मेस चालवती, माजं बरं चाललंय. डॉक्टर झाले असते का न्हाई, ते कुणाला ठावं? तुमी तात्याला सांगा. माज्यासमोर." मग एकदम विचारलं, "तुमची जलमतारीख काय ओ?"

"एक जून."

त्या हसल्या. हसू चांगलं नव्हतं, पण होतं. "मग तरी कळाया पायजे होतं की तुमाला."

"हो."

"बसा. पोरी जेवून उठू द्या. तुमीबी जेवा. उपाशी माणसाचं बोलणं मला पटत न्हाई."

जेवणं उरकल्यावर त्यांच्या स्कूटीवर मागे बसून मी त्या गावाला गेलो. सरळ रस्ते, एकसारखी घरं, नंतर प्रत्येकाने आपापल्या परीने लावलेली लिंबाची झाडं. तात्या ओसरीवर बाजेवर बसले होते. आता टॉवेल खांद्यावर होता. गोदावरीबाईंना पायरी चढताना पाहून ते उठू लागले, मग तसेच अर्धे उठलेले राहिले.

मी सांगितलं. यावेळी सोपं करून, साधनं, नियम काही न आणता. तुम्ही दोघींचे फॉर्म बरोबर भरले होते, माझ्याकडे आल्यावर मी दोन पोरींची एक केली, आणि तुम्ही विचारायला आलात तेव्हा मी तुमच्यावर ढकललं.

तात्या हळूच परत बाजेवर टेकले. मग म्हणाले, "म्हंजी म्या न्हाई चुकलो?"

"नाही."

"मला वाटायचं, सेंटरवाल्याला म्या तोंडानं काय सांगितलं कुणाला म्हाईत. कल्पी, कल्पी असंच आलं आसंल तोंडात. पोटची पोर हाय, येतं तोंडात. हिला कसं सांगावं? मलाच खात्री न्हवती की." त्यांनी गोदावरीबाईंकडे पाहिलं नाही. टॉवेल काढून बाज झटकली, तिला बसायला जागा केली.

ती बसली. "तात्या, पाणी द्या," ती म्हणाली.

त्यांनी आत हाक मारली. तात्यांच्या पत्नी तांब्या घेऊन बाहेर आल्या, मला पाहून थांबल्या. तात्या म्हणाले, "साहेब, हिलाबी सांगा. इतकी वर्सं ही मलाच बोलून राह्यली. पर जरा मोठ्यानं सांगा. हिला कमी आयकू येतं."

मी मोठ्याने सांगू लागलो. त्यांनी कानामागे हात धरला आणि म्हणाल्या, "काय म्हणताव?" समोरच्या घरातली माणसं बाहेर आली. मी उभा राहिलो आणि सबंध गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणालो, "मावशी, तात्यांनी काही केलं नव्हतं. दोन्ही पोरींचे फॉर्म त्यांनी बरोबर भरले होते. चूक मी केली, आणि विचारायला आले तेव्हा त्यांच्यावर टाकली. गोदावरीची जागा माझ्यामुळे गेली, कल्पनाला नको ते ओझं माझ्यामुळे उचलावं लागलं, आणि कळल्यावरही मी गप्प बसलो. तुमची, तात्यांची आणि दोन्ही लेकींची मी माफी मागतो."